दुसऱ्या बाजूची दाढ

नवागाम, सुरत
१९ जानेवारी २०२५

डॉक्टर चेतनसाहेब,

आधी चि. लिहिलं होतं, मग खोडलं. आशीर्वाद द्यायची सध्या इच्छा नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास आणि मायचा फोन उचलतोस तो "मीटिंगमध्ये आहे" एवढं सांगायला. म्हणून हा कागद. हैदराबादच्या तुझ्या कॉलेजाचा पत्ता इंटरनेटवर सापडला. तिथे तुझा फोटोही आहे, टाय लावलेला. माझं बोट धरून नगरपालिकेच्या मराठी शाळेत जाणारं, नाक वाहणारं पोरगं आता टाय लावतं, हे बघून मला आधी बरंच वाटलं होतं. मग तुझा व्हिडिओ बघितला.

शेजारच्या नूतनकाकूने फोन आणून दाखवला. "भागीरथीबाई, तुमचा चेतन भाषण करतोय," असं गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मायने पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि पाटावर नीट मांडी घालून बसली. तू कुठल्याशा हॉलमध्ये हिंदीत बोलत होतास. मायला हिंदी समजते, हे तू विसरला असशील.

तू म्हणालास, जिथे मी वाढलो तिथल्या बायका पत्र्याच्या डब्यात कांडवेल लावतात. हाड मोडलं, दात काढला, की तो ठेचून थापतात. मी त्यावर दोन वर्षं घालवली. ज्यांच्या दोन्हीकडच्या दाढा काढायच्या होत्या त्यांच्या एका खड्ड्यात वेलाच्या अर्काचं जेल भरलं, दुसरा खड्डा रिकामा ठेवला, आणि एक्स-रे काढून बघितलं की हाड कुठे लवकर भरतं. दोन्हीकडे सारखंच भरलं. शून्य फरक! तेव्हा बायांनो, डब्यात तुळस लावा, ती निदान चहात तरी पडते.

लोक हसले. मग तू पडद्यावर एक उघडं तोंड दाखवलंस. मिश्रीने काळे झालेले दात, सुजलेल्या हिरड्या. "आणि ही यांची टूथपेस्ट," म्हणालास. लोक आणखी हसले.

डोळ्यांवर तू काळी पट्टी मारली होतीस. हनुवटीवरचं गोंदण कोण झाकणार होतं? तीन ठिपके आणि मध्ये फुली. माझ्या जन्माच्या आधीपासून ते तिथे आहे. नूतनकाकूने मायच्या हनुवटीकडे बघितलं, मग फोनकडे, आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

माय म्हणाली, "लोके काबर हासी राह्यनात?"

मी म्हटलं, तुझ्या पोराने काहीतरी गंमत सांगितली. ती म्हणाली, "बरं शे." आणि उठून पीठ मळायला गेली. मळून झालेलं पीठ तिने पुन्हा मळायला घेतलं, तेव्हा मी तिच्या हातातून परात काढून घेतली.

आता मुद्द्याचं. दोन मार्चच्या रविवारी पर्वत पाटियाच्या हॉलमध्ये समाजाच्या मंडळाने तुझा सत्कार ठेवलाय. पत्रिका घरोघर वाटून झाल्या. तुझ्या नावाखाली ह्याच भाषणाचं नाव छापलंय. डॉक्टरची आई म्हणून मायला पहिल्या रांगेत बसवणार आहेत. म्हणजे समोर पडद्यावर तिचं तोंड, आणि मागे सगळ्या सुरतेतले खान्देशी हसणार.

तू आठवीत टेम्पोवरून पडलास आणि हात मोडून घेतलास. प्लास्टर निघेपर्यंत मायने रोज तुपात परतलेला कांडवेल भाकरीबरोबर तुला चारला. कच्चा दिला तर तोंड खाजेल म्हणून आधी स्वतः खाऊन बघायची. ते तुझ्या भाषणात कुठे होतं?

तो फोटो काढून टाक आणि भाषण बदल. नाहीतर इकडे फिरकू नकोस. माझं काम कडोदऱ्याच्या युनिटात कापड तपासायचं आहे, दिवसभर डागच शोधते. तुझ्यातला इतकी वर्षं दिसला नाही याचं मला आश्चर्य वाटतं.

रंजना


हैदराबाद
२८ जानेवारी २०२५

ताई,

पत्र कॉलेजच्या पत्त्यावर पाठवू नकोस. इथे टपाल टेबलावर उघडं पडलेलं असतं आणि डिपार्टमेंटमध्ये मराठी वाचणारे दोघं आहेत.

फोटोत नाव नाही, डोळे झाकलेले आहेत, आणि वापरायला परवानगी मायनेच दिली होती. अंगठा नाही, सही केली होती तिने. गोंदणावरून ओळखणारे फक्त आपल्या गल्लीत आहेत, आणि आपल्या गल्लीला माझं भाषण ऐकायची आजवर कधी गरज पडलेली नाही.

तुला वाटतं मी मजेत हसतो. तुला माहीत नाही म्हणून एकदाच सांगतो. तो विषय मी मागून घेतला होता. गाईड नको म्हणत होते. मी म्हटलं, सर, माझ्या घरात हे चालतं, मी स्वतः खाल्लंय. शेवटच्या परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझे आकडे बघितले आणि म्हणाले, "आईचं औषध आईलाच लागू पडलं नाही वाटतं?" सगळे हसले, गाईडसुद्धा. त्यानंतर हॉस्टेलमध्ये माझं नाव हाडजोड्या पडलं. निबंध कुणी छापला नाही. सुरतेत ज्या ज्या ठिकाणी मुलाखतीला गेलो तिथे ते नाव माझ्या आधी पोचलेलं होतं. म्हणून मी हैदराबादला आलो, हौस म्हणून नाही.

त्या वेलावर माझा विश्वास होता, कारण तो मायचा होता. त्या विश्वासाने मला तोंडघशी पाडलं. आता लोक हसायच्या आत मी हसतो, म्हणजे ते माझ्याबरोबर हसतात, मला नाही.

भाषण तेच होईल. फोटो पुरावा आहे, तो राहील. मायला नको असेल तर तिला घरी ठेव. आणि डाग शोधणं हे तुझं काम असेल, विज्ञान तुझं काम नाही.

चेतन


नवागाम, सुरत
५ फेब्रुवारी २०२५

चेतन,

पत्र मुद्दाम कॉलेजच्याच पत्त्यावर पाठवते आहे. जास्त बोललास तर पुढचं पोस्टकार्डावर लिहीन, म्हणजे त्या दोघा मराठी माणसांना पाकीट उघडायचा त्रास नको.

हाडजोड्या वाचून मी हसले. मग हसू आलं नाही. ते राहू दे. हे पत्र खुर्चीत बसून वाच, कारण तुझ्या दोन वर्षांचं काय झालं ते मला काल कळलं.

काल कामावरून मायकडे आले तर ती रेशनला गेलेली आणि नूतनकाकू ओट्यावर मेथी निवडत होती. तिच्याही दोन दाढा तूच काढल्या होत्यास. रागाच्या भरात मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं आणि वर म्हटलं, बघा काकू, एका बाजूला औषध, दुसरी बाजू रिकामी, आणि फरक म्हणे शून्य.

काकू म्हणाली, "रिकामी कोठे व्हती? भागीरथीबाईनी तठे बी वेल लाई दिधा व्हता."

मी म्हटलं, कोणाला?

"बठासले," काकू म्हणाली. सगळ्यांना. आपल्या गल्लीतून तुझ्याकडे दाढा काढायला ज्या ज्या बाया गेल्या, त्या सगळ्यांना. आणि तुझ्या अभ्यासात त्यांच्याशिवाय होतं कोण? माय त्यांना शटल रिक्षात भरून तुझ्या इथल्या, सुरतेच्या कॉलेजात न्यायची आणि परत आणायची, हे तुला आठवत असेल. संध्याकाळी ती वाटी घेऊन घरोघर फिरायची, हे तुला माहीत नव्हतं. तुपात परतून, वाटून, गाळून घेतलेला वेल. सूज उतरेपर्यंत रोज, बोटाने, ज्या बाजूला तू काही भरलं नव्हतंस त्या बाजूला.

तेवढ्यात माय आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि लपवाछपवी न करता सांगितलं, "हा, लाई दिधा. पोऱ्यानी येकच बाजूले दवा भरी. दुसरी बाजूनी काय पाप करेल व्हतं?"

मी म्हटलं, अगं, पण त्याने तसं का केलं हे विचारलं नाहीस?

तर ती माझ्यावरच डाफरली. तुझं जेल कमी पडलं होतं म्हणे. मोठं कॉलेज, एवढीशी ट्यूब, इतकी माणसं. दोन्ही बाजूंना पुरत नव्हतं आणि तुला ते सांगायची लाज वाटत होती. "तेनी दवा पुरनी नही. चार लोकसमा पोऱ्या कसा सांगी?" म्हणून घरचं वापरून तिने तुझी बाजू सांभाळली. आणि सगळ्या बायांना बजावून ठेवलं की चेतनसमोर शब्द काढायचा नाही, त्याला कमीपणा वाटेल. त्यांनी तो शब्द पाळला. नूतनकाकू आजवर कुठलीही गोष्ट पोटात ठेवू शकली नाही, तिनेसुद्धा पाळला.

आता तुझ्या लक्षात आलं का? दोन्ही बाजूंना वेलच होता. तू वेलाशी वेल ताडून बघितलास आणि म्हणालास फरक नाही! मी वेल लागू पडतो असं म्हणत नाही. मला ते कळत नाही आणि तुलाही कळलेलं नाही, एवढंच म्हणते. तुझा सगळा हशा त्या न कळण्यावर उभा आहे.

आणि मायला दोष द्यायच्या आधी थांब. ती जन्मभर आपल्या आबांच्या लूमना सुताच्या कांड्या भरून देत आली. आबा दोन रांगांच्या मध्ये उभे राहायचे, दोन्ही हातांना लूम. एका बाजूची कांडी संपत आली की माय भाकरी टाकून धावायची, कारण एक बाजू बंद पडली की कारखान्यातला मास्तर आबांना आईवरून बोलायचा. अशा बाईला तू सांगतोस, एका बाजूला देऊ आणि एक बाजू तशीच ठेवू. तेही कसं सांगितलंस? कॉलेजच्या जिन्यात, घड्याळ बघत, "माय, तू सगळ्यांना समजावून सांग" म्हणून. तू स्वतः एकदाही गल्लीत आला नाहीस. बाया पुन्हा तपासायला आल्या तेव्हा गुळण्या केल्या का हे विचारलंस, खड्ड्यात काही लावलं का हे विचारलं नाहीस. नूतनकाकू म्हणते, आम्ही तोंड उघडलं की मिश्रीच्या वासाने तो मान फिरवायचा. मान फिरवली नसतीस तर खड्ड्यातला हिरवा रंग दिसला असता.

मला हे लिहिताना आनंद होतोय. खोटं कशाला बोलू? तुझं ते "शून्य फरक" ऐकल्यापासून मी जळत होते.

पण एक गोष्ट ऐक, आणि ही विनंती समज किंवा धमकी समज. मायला यातलं काही कळता कामा नये. तिला वाटतं तिने तुझी लाज राखली. त्या आठवणीवर ती खूश आहे, तिच्याकडे तुझं दुसरं काही नाही. तू गुपचूप ते भाषण बंद कर, फोटो काढ, मंडळाला काहीही कारण सांग आणि नुसता सत्कार घेऊन जा. नारळ घे, शाल घे, पाया पड आणि गाडीत बस. मी तुझ्याशी बोलायला येणार नाही, वचन देते.

रंजना


नवागाम, सुरत
१६ फेब्रुवारी २०२५

चेतन,

तुला एवढंच सांगितलं होतं, मायला कळू देऊ नकोस. तू पत्र वाचलंस आणि थेट तिलाच फोन लावलास.

तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून ती फोन स्पीकरवर ठेवते. दार उघडं होतं. त्यामुळे "माय, तू मनं वाटोळं करं" हे तुझं वाक्य तिच्याआधी गल्लीने ऐकलं. इतक्या वर्षांनी घरची भाषा आठवली ती यासाठी. पुढे तू काय काय बोललास ते मला तिघींनी सांगितलं, तिने नाही. शेवटी तू रडत होतास असं नूतनकाकू म्हणते. रडला असशील. मला त्याचं काही नाही.

मी पोचले तेव्हा ती अंधारात बसली होती. मी दिवा लावला. तिने विचारलं, "दुसरी बाजूले लावानं नव्हतं का?"

तू बोंबललास, पण समजावून सांगितलं नव्हतंस. ते माझ्या वाट्याला आलं. जेलचं, हाडाचं, एक्स-रेचं सांगून बघितलं, ती नुसती मान हलवत राहिली. शेवटी म्हटलं, माय, समज दोन लूम आहेत. सेठला बघायचंय की नवं सूत चांगलं की जुनं. म्हणून एकावर नवं लावलं, एकावर जुनंच ठेवलं. आणि कुणीतरी मायेने जाऊन दुसऱ्यावरही नवंच चढवलं.

तिने चटकन माझ्याकडे बघितलं. "मंग कसं समजी?" म्हणाली.

समजलं तिला. तू एवढा शिकवणारा मास्तर, तुला हे तेव्हा जिन्यात सांगता आलं असतं. ती रडली नाही. जेवली, भांडी घासली, मला म्हणाली जा घरी, तुझी सासू वाट बघत असेल. मी वेडी, मला वाटलं निभावलं.

दुसऱ्या दिवसापासून तिचं वेगळंच सुरू झालं. मिश्रीचा डबा नूतनकाकूला देऊन टाकला. लग्नाच्या आधीपासूनची सवय, आबांनी शिव्या दिल्या तरी सुटली नव्हती. डोकं दुखतं, हात थरथरतात, तरी मीठ लावून दात घासते, हिरड्यांतून रक्त येईस्तोवर. गुरुवारी मी आले तर गॅलरीतला पत्र्याचा डबा उलटा पडलेला आणि कांडवेल मुळासकट उपटून कचऱ्याच्या गाडीत. मला वाटलं तुझा राग वेलावर काढला. विचारलं तर म्हणाली, डोळ्यांसमोर राहिला तर हात जाईल.

कशाला हात जाईल हे मला आज समजलं. आज रविवार. तिने मला बसवलं, समोर कागद ठेवला आणि म्हणाली, त्याला लिहून दे, मी सांगते तसं. अक्षर नीट काढ. मी एक शब्द बदललेला नाही:

"चेतन, मना तोंडमा आजून दोन दाढा शेतस. येक आठली, येक तठली. दोन्ही चांगल्या शेतस, किडेल नहीत. तू ये नि काढी ले. येक बाजूले तुनी दवा भर. दुसरी बाजूले मी हात लावाव नही. कोणलेच लावू देवाव नही. मिश्री बी सोडी दिधी. वेल उपटी टाका. आते फरक पडी."

मी लिहिणं थांबवून ओरडले. म्हटलं, डोकं फिरलंय का तुझं, चांगल्या दाढा कोण काढतं? तिने चमचा घेतला, आरशासमोर जाऊन दोन्ही दाढांवर ठोकून दाखवल्या. घट्ट आहेत. त्या दोघींवरच ती भाकरी चावते, बाकी काय उरलंय तोंडात? म्हणाली, भाकरी दुधात कुस्करून खाईन, त्याला काय होतं.

मी तिला नाही म्हणू शकले असते. तुझा मुलगा चांगल्या दाढा काढणार नाही, कुठलाच डॉक्टर काढत नाही, असं सांगू शकले असते. सांगितलं नाही. ते तुझं काम आहे. फोनवर नाही, कागदावर नाही. इथे ये, तिच्यासमोर पाटावर बस आणि तिला सांग की तुला तिच्या दाढा नकोत. मग तिला काय वाटतं ते तिच्या तोंडाकडे बघून सोस. ती विचारेल, मंग तुनं कसं व्हयी? त्याचं उत्तर तयार ठेवून ये. माझ्याकडे नाही.

आणि ती तोंड उघडेल. तू सांगायच्या आधीच उघडेल. तेव्हा मान फिरवायची नाही. फोटो काढायचा नाही.

भाषणाबद्दल मी आता काही म्हणत नाही. तुला द्यायचं असेल तर दे. पण दोन मार्चला हॉलमध्ये पहिल्या रांगेत ती सकाळपासून उपाशी बसलेली असेल. त्या दिवशी जेवून जाऊ असं मी म्हणाले, तर तिने आत्ताच नाही सांगून ठेवलंय. सत्कार झाला की तू तिला तिथूनच दाढा काढायला नेशील असं ती धरून चालली आहे, आणि त्याआधी पोटात काही असू नये असं तिला वाटतं.

रंजना